राब्बी हर्शल यांची प्रार्थना

ब्रुकलिन, फेब्रुवारी १९८४

ईश्वरदादा,

बाबा गेल्यापासून आपण बोललो नाही, तरी लिहितेय. माझ्या वॉर्डात ज्यूंच्या हसिदी पंथाचे म्हातारे धर्मगुरू आहेत, राब्बी हर्शल. नाझींनी त्यांचं सगळं घर संपवलं. ते एकटेच इथे आले, एका तळघरात प्रार्थना सुरू केली आणि हळूहळू माणसं जमली.

आज दुपारी बर्फ भुरभुरत होता. अर्धवट झोपेत मला धाकटा भाऊ समजून ते म्हणाले, "योसल, भांडण राहू दे. नदी गोठलीय, चालत ये."

जाग आल्यावर ओशाळून हसले. "सिस्टर, तुम्हाला भाऊ आहे?"

मी "नाही" म्हणाले.

"मग तुमच्यासाठी एक मागतो," म्हणत त्यांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ कितीतरी वेळ हलत होते, आणि मला त्यांना थांबवता आलं नाही.

तुझीच,
मीरा