बागेतलं हळदीकुंकू

ती. आई,
तुला आणि दादांना नमस्कार. मी बरी आहे, जेवतेही वेळेवर. दादांचा खोकला कमी झाला का? एवढ्या थंडीत पहाटे कांद्याला पाणी भरायला त्यांना जाऊ देऊ नकोस.

नाशकातही गारठा आहे. वनस्पती उद्यानात आम्ही संध्याकाळी नाजूक रोपांवर गोणपाट टाकतो आणि ऊन आलं की काढतो. हे गेल्यापासून माझे हात काम करतात, पण आत काही जाणवत नाही. रडूही येत नाही.

काल बागेत बायकांसाठी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. रांगोळ्या काढल्या होत्या, फाटकापासून शेवंतीच्या कुंड्या मांडल्या होत्या. मी आपली शेडनेटमध्ये रोपांना पाणी घालत राहिले. तर माझ्यासोबत काम करणाऱ्या धोंडाबाई ताट घेऊन तिथंच आल्या.

"मावशी, मला नाही चालत," मी म्हटलं.

"कोण म्हनतं? नवरा गेला, तू हाये ना अजून?" असं म्हणून त्यांनी कुंकू लावलंच.

त्यांचं बोट गार होतं. तेवढं मात्र मला कळलं.

आई, तू कदाचित रागावशील, पण घरी आल्यावरही मी ते पुसलं नाही.

तुझी,
हर्षाली