वराच्या मामांच्या फेट्यातली घंटी

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

करमाड शिवार, रविवार

रा. रा. काकासाहेब पाहुणे यांस,

करमाडच्या वस्तीवरून खंडेरावचा वाकून रामराम. (वाकून असं लिहायचं, प्रत्यक्षात वाकलो तर उभं करायला दोन माणसं लागतात.) आपली तब्येत, वहिनींचा दमा आणि हर्सूलच्या घराची गळती ही तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं असं समजा. खरं तर गुरुवारपासून मी हबकून गेलो आहे. उभा जन्म मेंढरांमागे काढला, लांडगा पाहिला, गारपीट पाहिली, पण भर मांडवात जे पाहिलं ते कधी पाहिलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, दाजींच्या खिशात फोन असताना हे पत्र कशाला? काकासाहेब, झालं ते फोनमुळे झालं, आणि नेमकं सांगायचं तर तुमच्या फोनमुळे झालं. रागावू नका. सगळं क्रमाने सांगतो, मग दोष कुणाचा ते तुम्हीच ठरवा (माझा नाही, एवढं आत्ताच सांगून ठेवतो).

दिवाळीपासून तुमच्या बहिणीचा एकच धोशा: गुडघ्यांचं ऑपरेशन करून घ्या, नाहीतर मेंढरं विका. मी म्हणतो, ऑपरेशनला गेलो तर दोन महिने मेंढरं कोण बघणार? ती म्हणते, आता तरी कोण बघतंय? (हे मला लागलं, कारण खरं होतं. मी बांधावर बसून हाळ्या देतो आणि मेंढरं माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करतात.) यातून वाट काढली ती सूनबाई ज्ञानेश्वरीने. ती क्रांती चौकात राजकुमार फोटोवाल्याकडे अल्बमचं काम करते, हे तुम्हाला माहीत आहे. राजकुमारने लग्नांसाठी नवा ड्रोन घेतला आणि जुना, चार पंख्यांचा, सुनेला देऊन टाकला. तो मोबाईलवरच चालतो. आपला फोनच त्याचा लगाम. काचेवर दोन गोल दिसतात. डावा अंगठा सरकवला की यंत्र वर जातं, उजवा फिरवला की म्हणाल तिकडे वळतं, आणि खालचं सगळं रान फोनमध्ये दिसतं. माझा अंगठा मात्र काचेला कळेना. दोर वळून आणि लोकर कातरून अंगठ्याला जे कातडं आलंय, ते माणसाचं आहे हेच फोनला पटत नव्हतं. शेवटी करंगळ्यांनी चालवायला शिकलो. माझं बघून सुनेला इतकं हसू आलं की तिला घरात जावं लागलं.

पहिल्या दिवशी यंत्र कळपावर नेलं तर बहात्तर मेंढरं बहात्तर दिशांना पळाली. (तीन तर बांधाशेजारच्या कडुबाच्या तुरीतून काढावी लागली, कडुबा अजून बोलत नाही.) सून म्हणाली, सवय होईल. पण मेंढरू काय ओळखतं ते मला विचारा. ते धन्याला ओळखत नाही, काठीला ओळखत नाही. पुढच्या एडक्याच्या गळ्यातली घंटी वाजली की मान खाली घालून तिच्यामागे चालतं. मी एडक्याची लहान घंटी सोडली आणि सुतळीने ड्रोनच्या पोटाला बांधली. आठ दिवस घंटी वाजवायची आणि वरून मक्याचे दाणे टाकायचे, एवढाच अभ्यास घेतला. नवव्या दिवशी यंत्र किणकिणत निघालं आणि त्याच्याखाली सगळा कळप! मी बाजेवर बसून चहा पितोय आणि मेंढरं अर्ध्या कोसावर चरताहेत. माझी मेंढरं मी वरून पहिल्यांदाच पाहिली. सगळी एकत्र, एकमेकांना खेटून. काकासाहेब, तुमच्यापासून काय लपवायचं, डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, आता ऑपरेशन नको आणि विक्रीही नको.

गुरुवारी आमचा शेजारी मुंजाबा याच्या मुलीचं लग्न होतं. मांडव जालना रोडजवळच्या माळावर, आणि माझी मेंढरं पलीकडे, वेचणी झालेल्या कापसात. मी ठरवलं, आज चारचौघांत दाखवायचंच. विशेषतः तुमच्या बहिणीला, जी बायकांच्या घोळक्यात बसून माझ्या गुडघ्यांची कथा सांगत होती. स्टेजच्या कडेला, मांडवाच्या छताबाहेर, एक रिकामी खुर्ची होती. तिच्यावरून मी ड्रोन उडवला. सुनेने आधीच पढवून ठेवलं होतं की उडवण्यापूर्वी फोनमधलं विमानाचं चित्र दाबायचं, म्हणजे मध्येच कुणाचा फोन येत नाही. मी दाबलं. मग खात्रीसाठी आणखी एकदा दाबलं. (खुंटी ठोकतानाही मी एक ठोका जास्तीचा घालतो, स्वभावच आहे.) दुसऱ्यांदा दाबलं की पहिलं दाबलेलं रद्द होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

यंत्र मेंढरांवर जाऊन उभं राहिलं. माझ्याभोवती ही गर्दी! गावातला बन्सी तर म्हणाला, "खंडूआबा, लई भारी! मांडवात बसून मेंढरं राखायलात व्हय?" मी नुसती मान हलवली. तिकडे मंगलाष्टकं शेवटाला आली, लोकांनी अक्षता मुठीत धरल्या, आणि इतक्यात काचेवरची मेंढरं गेली आणि तुम्ही आलात. म्हणजे तुमचा तो हर्सूल तलावापुढचा कोट घातलेला फोटो. लग्न लागलं का, एवढंच विचारायला तुम्ही फोन केला होता, हे नंतर कळलं. मी घाबरून करंगळ्यांनी दिसेल ते दाबलं. तुम्ही गेलात, पण मेंढरं परत आली नाहीत.

आता या यंत्राला देवाने एकच अक्कल दिली आहे. लगाम सुटला की ते जिथून उडालं तिथे आपणहून परत येतं. म्हणजे त्या खुर्चीवर. आणि खुर्ची आता रिकामी नव्हती. तिच्यावर वराचे मामा बसले होते, जालन्याचे, चांगले भरदार गृहस्थ, गुलाबी फेटा, त्याला हा एवढा तुरा.

आधी घंटी ऐकू आली. मग धूळ दिसली. चारशे माणसांत फक्त मला एकट्याला कळलं की काय येतंय, आणि मला उठता येईना! यंत्र सरळ मामांच्या डोक्यावर उतरलं, पंखे तुऱ्यात गुंतून बंद पडले आणि फेट्याच्या पदरातून घंटी लोंबायला लागली. मामांनी मान हलवली की ती वाजायची. मामा तर सारखीच मान हलवत होते. घंटीमागोमाग बहात्तरच्या बहात्तर मेंढरं मांडवात घुसली, आणि नेमक्या त्याच क्षणी चारशे माणसांनी अक्षता टाकल्या. काकासाहेब, घंटी वाजली की वरून दाणे पडतात, हे मीच त्यांना आठ दिवस शिकवलं होतं! त्यांचं काय चुकलं? ती स्टेजवर चढली. एकीने वराच्या हारातला झेंडू खाल्ला, दुसरीने वधूच्या. मामा ओरडत होते, "आरं काढा की हे डोस्क्यावरलं! माझ्याच मागं का लागलेत हे?" आणि ते पळाले. ते पळाले म्हणून घंटी जास्त वाजली, आणि घंटी जास्त वाजली म्हणून मेंढरं जास्त जोरात. मांडवाला दोन वेढे झाले (नवरानवरीचे फेरे व्हायचे होते, मामांचे आधी झाले). शेवटी सूनबाईने पुढे होऊन फेट्यातली सुतळी तोडली, तेव्हा कुठे त्यांची सुटका झाली. इजा कुणालाच झाली नाही. लग्नाचं शूटिंग राजकुमारकडेच होतं, त्याने सगळं चित्रित केलंय आणि तो म्हणतो, त्याच्या आयुष्यातलं हे सर्वांत चांगलं काम.

मी मुंजाबाचे पाय धरायला निघालो होतो, पण पायांपर्यंत पोचता येईना, म्हणून हात धरले. तो हसला, मामा हसले नाहीत. पण खरा धक्का पुढेच आहे. घरी आल्यावर तुमची बहीण ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती शांतपणे भाकरी थापत म्हणाली, "इंद्रजीत म्हणून एक व्यापारी हाय शेंद्र्याकडला. येत्या गुरुवारी येऊन सगळी घेऊन जाणार. सबद दिलाय म्या. माणूस पायावर उभा राहीना अन् हवेत मशीन उडवायलाय." सगळी म्हणजे बहात्तर! चाळीस वर्षांच्या संसारात तिने मला न विचारता कोंबडीसुद्धा विकली नव्हती.

वहिनींना रामराम. कळावे, लोभ आहेच, तो गुरुवारच्या प्रकाराने कमी होऊ नये ही विनंती.

आपला,
खंडेराव

ता. क. १: खरं सांगायचं ते इथेच. तुमची बहीण जगात फक्त तुमचं ऐकते. बुधवारी या. व्यापारी यायच्या आत तिला सांगा की मेंढरं विकू नको, आणि मांडवातला फोन तुमचा होता हेही कबूल करा. मेंढरं गेली तर सकाळी उठून मी कुठे जायचं, हे मला खरोखर समजत नाही.

ता. क. २: तिने फारच ताणलं तर सांगा, ऑपरेशनचा दाजी विचार करतील. नुसता विचार. काकासाहेब, मला भीती वाटते. लांडग्याची कधी वाटली नाही, त्या बेशुद्ध करायच्या इंजेक्शनची वाटते. झोपलो आणि उठलोच नाही तर? हे तिला सांगू नका.

ता. क. ३: पाकीट तिच्याजवळच पोस्टात टाकायला देतोय. खळीने पक्कं चिकटवलंय, ती काही उघडणार नाही.

दादा, हे खालचं मी लिहिते, आक्काबाई. खळ वली होती. इंद्रजीत-बिंद्रजीत कुणी नाय, तोंडाला आलं ते नाव घेतलं. मेंढरं विकायला मला काय दगडाचं काळीज हाय? डाक्टरनं बुधवारची तारीख दिलीय, म्या घेऊन ठेवलीय. तवा तुम्ही याच, पण गाडी घेऊन या. मेंढरं वाचवाया आलात असंच त्यायला वाटू द्या, अन् कायतरी निमित्त काढून गाडीत बसवा. इंजेक्शनचं भ्या वाटतं हे मला आज कळलं. मला बोलले असते तर म्या एवढं टाकून बोलले नसते. दवाखान्यात मी येईपर्यंत त्यांचा हात सोडू नका, शुद्धीत येताना मी समोर असंन. मेंढरांची काळजी नाय. सूनबाईनं मशीन नीट करून मला शिकवलंय अन् माझ्या अंगठ्यानं ते झ्याक चालतं. बुधवारी तुमची गाडी जालना रोडला लागेपर्यंत मी वरून बघणार हाय. मधीच उतरले तर कळंल मला.