गपचूप मरू द्यायचं नाही

३ जून, मंगळवार
फुटल्या एकदाच्या! डिशमधल्या कॅन्सरच्या पेशी. औषध घातलं, फुगल्या, पडद्याला भोकं पडली, आतलं सगळं बाहेर. एरवी मरतात त्या गपचूप, आक्रसून. शरीराला पत्ताही लागत नाही. या मेल्या बोंब मारत. ती बोंब ऐकून शरीरातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात, मग उरलेल्यांचीही खैर नाही. मायक्रोस्कोपला डोळा लावून मोठ्यानं म्हटलं, "मरा!" बाई (माझ्या पीएचडीच्या गाइड) हसल्या नाहीत. आई कशानं गेली ते त्यांना माहीत आहे.

५ जून
मंद्रूपहून मामाचा फोन. मावशीचा रिपोर्ट आला. स्तनाचाच कॅन्सर. आईसारखा.
"तिला कळता कामा न्हाय. साधी गाठ हाय म्हनायचं. हाय खाईल ती."
आईच्या वेळीही हेच. साधी गाठ समजून आई केमोच्या दोन सुयांनंतर कंटाळून घरी आली. साध्या गाठीसाठी एवढा त्रास कोण सोसेल? मी बारावीत होते, मला कोण विचारतंय. गेली तेव्हाही तिला 'साधीच' होती. मामाला सोडणार नाही.

७ जून
बाईंना सांगितलं, मंद्रूपला जाऊन मावशीला खरं सांगणार. म्हणाल्या, "पेशी फुटून पेटलेली दाहाची आग फार दिवस धुमसली तर तीच गाठीला पोसते. हे तूच लिहिलंयस ना?" लिहिलंय. प्रबंधातला नावडता भाग.
"मावशीसाठी चाललीस की मामासाठी?"
रजेचा अर्ज पुढे केला. खरं तर मामासाठी. त्याचं तोंड बघायचंय.

८ जून, मंद्रूप, संध्याकाळ
मामासमोरच सांगितलं. मुद्दाम. मावशी भाकरी थापत होती. "साधी न्हाय मावशी, कॅन्सर हाय. पर लवकर सापडलाय. बरी होशील. उद्या सोलापूरला जायचं."
"गप बस की!" मामा ओरडला.
मावशीनं तवा उतरवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "ताईलाबी असंच सांगितलं हुतं व्हय, दादा?"
मामाची मान खाली. बरं वाटलं. लई बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.
मग मावशी उठली, आतल्या खोलीत गेली, कडी लावली. हाका मारल्या, दार वाजवलं, ओ देत नाही. डॉक्टरांची वेळ सकाळची आहे; ती आलीच नाही तर आईसारखंच होईल, या वेळी माझ्यामुळे.
मामा दाराशी बसलाय. त्याच्या शेजारी मी.