अर्धं बोट

नागपूर,
१२ जानेवारी २०२५

ती. यमुताईंना प्रेमिलाचा शि. सा. न. वि. वि.

मी वांगी चिरत होते, हे डाळ घोटत होते आणि ओट्यावर मेसच्या पोरांचे डबे तोंड उघडून बसले होते. त्या सकाळी विशेष काहीच घडलं नाही. कणीक मळली, फडकी धुतली. काकांच्या हातातली पळी नेहमी तिरकी पडते म्हणून एका पोराने चिडवलं, तर यांनी ठरलेलं उत्तर दिलं की अंगठ्याजवळचं अर्धं बोट नरखेडला संत्री राखायला ठेवलं आहे. बस, एवढंच. यांना जाऊन तीन वर्षं झाली, आणि हल्ली मला तीच सकाळ आठवते. का, ते लिहिते. फोन केला असता, पण तुम्ही कानाचं यंत्र डबीत घालून ठेवता, अशी दीप्तीची तक्रार आहे. सुनेचं ऐकायचं नाही, तर भावजयीचं वाचा.

चालती मेस बंद करून मी काय करते, असं तुम्ही विचारलं होतं. चित्रकलेच्या कॉलेजची पोरं इतकी वर्षं आपल्याकडे जेवली. जेवताना पुस्तकं टेबलावर विसरून जायची. त्यांच्यावरचे वरणाचे डाग पुसता पुसता मी ती वाचायला लागले. आता रविवारच्या पुरवणीत चित्रांवर लिहिते. नवी पोरं-पोरी आपली चित्रं घेऊन घरी येतात, कुठे जमलं, कुठे फसलं, ते विचारतात. माझा नियम एकच, आधी जेवायचं, मग चित्राचं बोलायचं. उपाशी माणसाला खरं सांगू नये.

गौरांग तुम्हाला आठवत असेल, यांच्या तेरवीला पंगतीत वाढत होता तो. फेब्रुवारीत त्याचं पहिलं प्रदर्शन आहे आणि मधल्या भिंतीवर तो यांचं चित्र लावणार आहे. फोटो सोबत ठेवला आहे. चेहरा असा हुबेहूब उतरला आहे की मी पाणी प्यायचं निमित्त करून आत गेले. पण उजवा हात बघा. पाचही बोटं पुरी आहेत. काकूंना वाईट वाटू नये म्हणून तशी काढली, असं तो म्हणाला. तो पोटभर जेवला, तरी मी बोलले नाही.

परक्यांच्या चित्रातलं खोटं मी छापून दाखवते. घरच्या खोट्यापुढे गप्प बसले, तर लिहावं कशाला? पण बोलले आणि पोराचा हात कायमचा अडला तर? भाऊ तुमचा, शिवाय वयाने तुम्ही माझ्याहून मोठ्या, म्हणून तुम्हाला विचारते. तुम्ही म्हणाल तसं करीन.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो विहिरीसारखा उन्हाळ्यात आटू देऊ नका.

तुमची,
प्रेमिला


नरखेड,
१८ जानेवारी

चि. प्रेमिलास यमुताईचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. मेसचं वाचून पहिले तर चिडलीच मी. काहून वं बंद केली? लोकं काय चित्र खातात? मंग पुढं वाचलं का तू चित्रवाल्यांनाच जेवू घालून राहिली. म्हणजे चूल पेटतीच आहे, फक्त पैसे घेणं बंद केलं! तुले कोणी शहाणी म्हणणार नाही, पण मले बरं वाटलं.

फोटो पाहून लय रडली. माय जाईस्तोर म्हणे, देवा, माह्या रामाचा हात पुरा कर. लहानपणी कडबा कुट्टीच्या मशीनीत बोट गेलं तवापासून तिचं हेच. तुमच्या लग्नाच्या फोटोत बी तिनं दादाच्या हातावर शेला टाकाले लावला होता, आठवते ना? देवानं केलं नाही ते त्या पोरानं केलं. राहू दे वं. कोणाचं काय जाते? त्याले बोलशील तर तुले माही शपथ आहे.

दीप्तीनं फोटोले फ्रेम करून आणली. जिवाले जप, माया आहे तशीच ठेवजो.

तुही,
यमुताई


नरखेड,
२९ जानेवारी

चि. प्रेमिलास अ. उ. आ.

तुह्या उत्तराची वाट न पाहता लिहून राहिली. फ्रेम देवाजवळ ठेवली, रोज पाहते.

लहानपणी शाळेत जाताना नाला लागे. दादा पुढं, मी मागं. तो मागं हात करे आन् मी ते अर्धं बोट धरो. बाकीची बोटं निसटून जात. ते मात्र माह्या मुठीत बरोबर बसे. काल फ्रेमवर हात ठेवला, तर धराले काही सापडलंच नाही. हात पुरा आहे, पण कोण्या परक्या माणसाचा आहे वं.

शपथ मागं घेतली. त्याले सांग. पण तुह्या नियमानं, जेवू घालून. एसटीनं संत्र्याची पेटी पाठवली आहे, त्यातली त्याले बी देजो. मायेत कमी नको करू.

तुही,
यमुताई


नागपूर,
२ फेब्रुवारी

ती. यमुताईंना शि. सा. न. वि. वि.

पत्र आणि पेटी आज एकदमच आली. तुमची शपथ मी मोडली असती की पाळली असती, हे अजून मला कळलेलं नाही. तुम्ही सोडवलंत.

नाल्याचं यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. संसार केला, तरी एवढं एक बोट तुमच्याकडेच राहिलं होतं. ते गौरांगला सांगणार नाही. ते तुमचं आहे.

उद्या त्याला जेवायला बोलावलं आहे. भीती वाटते. यंत्र कानात घाला, दीप्तीला त्रास देऊ नका. आजवर जशी सांभाळलीत तशीच मला सांभाळून घ्या.

तुमची,
प्रेमिला

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, म्हणून पुढचं लिहिते. गौरांग दोनदा भात घेऊन जेवला. मग मी सांगितलं. त्याने ताट सारलं आणि वही-पेन्सिल काढली. म्हणाला की बोट नेमकं कुठे संपायचं ते त्याला आठवेना, आणि काकांचा हात चुकवायची छाती होईना, म्हणून पुरंच काढून टाकलं. मी पळी घेतली, अंगठ्याजवळचं बोट मधल्या पेरापासून आत दुमडलं, आणि त्याचं काढून होईपर्यंत तशीच धरून बसले.