ढगाचा तळ

३० सप्टेंबर २००२
पोचले एकदाची! बल्लारपूरहून नागभीडपर्यंत रेल्वे, पुढे प्रकल्पाची जीप. तलावाच्या पाळीवरचं, म्हणजे बांधावरचं, जुनं विश्रामगृह हेच आमचं केंद्र. मागे साग, पुढे धान, मधे अफाट पाणी! अब्बू गल्लीभर सांगत सुटलेत की नाहीद हवामानवाली साहेब झाली. काम तसं साधं आहे. उपग्रह रोज साडेदहाला इथून जातो आणि ढग मोजतो, पण पाण्यावरचे पातळ ढग त्याला नीट ओळखता येत नाहीत. त्याच वेळी मी खालून लेझर सोडून ढगाचा तळ किती उंचीवर आहे ते नोंदवायचं. दोन्हींची तुलना करून उपग्रहाचं गणित सुधारायचं.
केंद्राची देखभाल इस्तारीभाऊ करतात. याच तलावात मासे धरतात. त्यांची बायको कुंता रांधते. आज तिच्या हातचा झिंग्यांचा रस्सा होता, मी तीनदा भात घेतला.

३ ऑक्टोबर
आकाश निळंशार. यंत्रही तेच म्हणालं. दुपारी नागपूरहून आमच्या प्रकल्पप्रमुख कहकशाँ मॅडमचा फोन आला. उपग्रहाला आपल्या तलावावर दाट ढग दिसतोय, आजूबाजूला काहीच नाही. मी बाहेर जाऊन बघितलं होतं का, असं त्यांनी विचारलं. बघितलं होतं. हा दोष शोधून काढलास तर तुझी जागा कायम झालीच समज, म्हणाल्या.

५ ऑक्टोबर
आज यंत्राने तळ दाखवला : ४१० मीटर. डोक्यावर मात्र स्वच्छ निळाई. भिंग पुसून पुन्हा मोजलं. ४१०.

७ ऑक्टोबर
काल ३००, आज १८०. ऊन कडक आहे, पण अंगाला गारवा झोंबतो. तलावावरची बदकं दिसत नाहीत.

८ ऑक्टोबर
६० मीटर. पाण्यावरची दमटपणाची मोजणी हवीच होती. वेळूच्या टोकाला मापक बांधून इस्तारीभाऊंना डोंग्यातून तलावाच्या मध्यावर जायला सांगितलं.
"आज नोको, बाई," ते म्हणाले. "पाण्यावर एक पाखरू नाई बसून राह्यलं."
मी हट्ट धरला. दहा मिनिटांचं काम, म्हटलं. कुंता दारातून माझ्याकडे बघत होती. ते गेले.
मध्यावर त्यांनी वेळू उभा केला. त्याचं टोक दिसेना. मग अर्धा वेळू. मग हात, डोकं, छाती. भर उन्हात. ते उभे होते त्या जागेतून आरपार पलीकडच्या काठावरचं धान स्पष्ट दिसत होतं.
डोंगा रिकामा परतला. आतून चिंब.

९ ऑक्टोबर
गावकऱ्यांनी जाळी टाकून तलाव धुंडाळला. काही सापडलं नाही. पोलिसांनी बुडाल्याची नोंद केली. इस्तारीभाऊ आपणहून गेले, असं मी सांगितलं. कुंता शेजारीच उभी होती.

१० ऑक्टोबर
२२ मीटर. मॅडम खूश. ढग तलावावरून सरकलाय, आता बरोबर केंद्रावर आलाय, नीट मोज, म्हणाल्या. जीप पाठवा म्हटलं. उद्या संध्याकाळी येईल.

११ ऑक्टोबर, सकाळ
९ मीटर. सागाचे शेंडे नाहीत. कुंताला म्हटलं, गावापर्यंत पायी जाऊ. ती हलत नाही. "वरतून हाक मारून राह्यले ते मले." मला काही ऐकू येत नाही. तिला सोडून कशी जाऊ?

दहा वाजता
४ मीटर. छपराची कौलं दिसत नाहीत. त्यांच्या जागी नुसतं निळं—

साडेदहा
यंत्रावर आकडा नाही. म्हणजे भिंगावरच—
कुंता अंगणात गेली. मी तिचा पदर धरला. सांगून टाकलं. मी पाठवलं त्यांना, मी खोटं बोलले.
"मले मालूम हाय, बाई," ती म्हणाली. आणि दोन्ही हात वर केले. मनगटापर्यंत दिसले. मग कोपरापर्यंत—
मी आत पळाले. पदर फाटून मुठीत आलाय. ओला. दार लावलं. दाराचा वरचा कोयंडा नाही. खालचा आहे, अजून—
जमिनीवर पालथी पडून लिहितेय. पाठीवर ओल. जड नाही. गार.
बोटांत पेन आहे. जाणवतंय. बोटं दिस—