आजचाच माल

मंगळवार, ४

दुकानदार म्हणतो, आजचाच माल. आजचा कसा? आपल्या धक्क्याला एकच ट्रॉलर लागतो, त्याच्यावर आमचे हे. मासा आजचा असता तर हे घरी नसते आले? वीस दिवस झाले.

बांगड्यावर बोट दाबलं. खड्डा पडला तो तसाच राहिला. डोळे आत गेलेले, कल्ले चहाच्या रंगाचे. कुठून तरी बाहेरून बर्फात घालून आणलेला. माझा जीव भांड्यात पडला.

बुधवार, ५

नणंद येऊन गेली. "दुकानात आजचा मासा, मग तुझा नवरा कुठल्या पाण्यात पोहतोय?" म्हटलं, वन्सं, तो शिळा आहे. "आली मोठी पारखी." सासूबाई खाटेवरूनच म्हणाल्या, "आहेच पारखी. मी शिकवलंय तिला."

तीस वर्षं मासे विकले त्यांनी. आता डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून रोज मी बघून येते नि सांगते. शिळा म्हटलं की म्हणतात, "म्हणजे अजून पाण्यावरच आहे. येईल."

शुक्रवार, ७

शिळा.

शनिवार, ८

छोटीला दात येतोय. दिवसभर कडेवर. जाताना हे तिच्याकडे न बघताच गेले. म्हणाले, "रडं ऐकून डोकं उठलंय. आता लवकर येत नाही मी." लवकर येत नाही म्हणाले — येतच नाही, असं नाही म्हणाले.

त्यांच्या सदऱ्यात गुंडाळलं की ती गप होते. मीपण वास घेते. उडत चाललाय तो.

सोमवार, १०

दुकानदार म्हणतो, "वहिनी, घ्यायचं नाही तर माशांना गुदगुल्या कशाला करता?" लोक हसले. मी मोठ्यानं म्हटलं, आठ दिवसांचा आहे हा, दाबून बघा कुणीपण. चिडला. चिडू दे.

बुधवार, १२

आज खड्डा राहिला नाही. दाबलं की भरून यायचा. दुसरा घेतला. तिसरा. काठीसारखे कडक. डोळे फुगीर, चकचकीत. कल्ले लाल — आत बोट घालून बघितलं तरी लालच. एक तरी शिळा निघावा म्हणून टोपलीच्या तळापर्यंत गेले.

तशीच छोटीला घेऊन धक्क्यावर. ट्रॉलर बांधलेला, धुऊन झालेला. त्यांचा आचारी पातेली घासत होता. म्हणाला, "तो? काल संध्याकाळीच उतरला की. पिशवी घेऊन बसस्टँडकडे गेला. घरी नाही आला?"

म्हटलं, आलेत ना. झोपलेत.

तीच तारीख, संध्याकाळ

सासूबाईंना सांगितलं, आजपण शिळाच. त्यांनी माझा हात ओढून घेतला नि बोट हुंगलं. छोटीला माझ्याकडून घेतलं. मग म्हणाल्या, "तू आधी दोन घास खाऊन घे."