रेंजवर ड्युटी कोण करणार

आबा, मी मागितलं. भर सभेत उभी राहून, सगळ्यांसमोर हात पसरून मागितलं, आणि मला काडीची लाज वाटली नाही. तुम्ही असता तर तिथूनच उठून गेला असता, हे मला माहीत आहे. कॉलेजात असताना मी एकदाच अशाच सभेत माइक हातात घेऊन म्हटलं होतं, की रविवारी कोणीतरी आबांच्या मदतीला नेमबाजीच्या रेंजवर येत जा. तेव्हा तुम्ही सभा संपेपर्यंत थांबलात आणि घरी आल्यावर भडकलात. आई चुलीवर वांगी भाजत होती. तुम्ही मोरीत हात धूत होता, छर्‍यांचं शिसं बोटांवरून जाता जात नव्हतं. चारचौघांत शुद्ध बोलणारे तुम्ही, चिडलात की थेट गावच्या बोलीवर यायचात. "भीक मांगी राहिनी का तू? आपलं काम शे, आपलेच करनं पडी." मी रडले नाही, पण त्या दिवशी भरीत तसंच ताटात ठेवून उठले.

आपलं काम! पिंप्राळ्याच्या मागच्या बाजूचं ते बंद जिनिंगचं गोदाम, त्यात दहा मीटरची एअर रायफलची रेंज, आणि ती सगळ्या सभासदांची. पण शटर उघडणार तुम्ही, सांडलेले छर्रे झाडणार तुम्ही, टार्गेटचे कागद लावणार तुम्ही, आणि गळ्यात पितळी शिट्टी अडकवून दिवसभर लाइनवर उभे राहणारही तुम्हीच. सगळ्यांनी रायफली उघडून खाली ठेवल्या आहेत का ते बघायचं, मग शिट्टी वाजवायची, मगच कोणी कागद आणायला पुढे जायचं. हे काम दुसर्‍या कोणाला शिकवावं, असं तुम्हाला एकदाही वाटलं नाही. घरी आई कळण्याच्या भाकरी झाकून बसायची आणि पुटपुटायची, "बठ्ठं एकलाच करस हाऊ माणूस." रविवारी दुपारी आपण तिघं एकत्र जेवल्याचं मला आठवत नाही. आणि तुम्ही गेलात तेव्हा काय झालं, सांगू? टार्गेटवरच्या दिव्याचं बटण कुठलं, हेसुद्धा कोणाला माहीत नव्हतं. लोक त्याला तुमची सेवा म्हणतात. मी हट्ट म्हणते. वाईट वाटू द्या, आज मी ऐकून घेणार नाही.

शिट्टी मग माझ्या गळ्यात आली, आणि मीही मुकाट्याने तेच करत राहिले. दिवसभर बँकेत आणि रविवारी रेंजवर. यंदा मला ताप आला आणि रेंज उघडलीच नाही. जामनेरहून एसटीने आलेल्या मुली बंद शटरला हात लावून परत गेल्या. कमिटीतले म्हणाले, ताई, आता पुरे झालं, गोदाम मंडपवाल्याला त्याचं सामान ठेवायला देऊन टाकू. आधी मी ग्रुपवर लिहिलं, की ड्युटीसाठी माणसं हवीत. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली, आलं कोणीच नाही. मग मी सभा बोलावली. आपल्या लोकांची खोड तुम्हाला ठाऊकच आहे, वेळ मागितला की पंखा देतात. छताकडे बघा, एकेका पात्यावर कोणा ना कोणाचं नाव आहे. दाणाबाजारातले शेठ उठले आणि म्हणाले, "ताई, ड्युटीचं काही जमणार नाही, माझ्याकडून दोन पंखे लिहा." मी म्हटलं, "शेठ, पंखा लाइनवर नजर ठेवणार आहे का? पंखे पुष्कळ झाले. मला तुमची एक सकाळ द्या." सभा हसली. शेठही हसले, जरा उशिराने.

आणि तुमचा दुसरा नियमही मी मोडला. ज्याने कधी नेम धरला नाही त्याने लाइनवर उभं राहायचं नाही, म्हणे! रेंजबाहेर स्कूटरवर बसून पोरींची वाट बघणार्‍या आयांना मी आत बोलावलं. त्यातली एक शिंदखेड्याकडची. म्हणाली, "मला तर बंदूक हातातसुद्धा धरता येत नाही." मी म्हटलं, "धरायची नाहीच. बाकीच्यांनी खाली ठेवली का, एवढंच बघायचं." "अहो ताई, घरात माझं सासू ऐकत नाही, इथे हे ऐकतील का?" तरी आली. महिनाभर माझ्या शेजारी उभी राहून शिकली, आणि मग तुमची शिट्टी मी तिच्या गळ्यात घातली.

पहिल्याच दिवशी काय झालं ते ऐका. एका पोरीचं टार्गेट वाकडं लागलेलं दिसलं म्हणून मी सवयीने पुढे निघाले. शेवटच्या पोरीची रायफल अजून हातात होती. कानठळ्या बसतील अशी शिट्टी वाजली. "ताई! मागे व्हा आधी!" सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी मागे आले, आणि खरं सांगते आबा, इतका आनंद मला कुठल्या मेडलने झाला नव्हता. तिथे तुम्ही असता तर तिने तुम्हालाही थांबवलं असतं. तुम्हाला थांबवणारं कोणीतरी हवंच होतं.

आता रेंज चालू आहे, रविवारबरोबर बुधवारीही. मंडपवाला दुसरीकडे गेला. शेठ बुधवारी येतात, कुरकुर करत, पण येतात. हे पत्र कुठे पाठवायचं? लिहून झालं की फाडून टाकीन.

परवाच्या रविवारी मी घरी होते. आईने भरीत केलं, भाकरी तव्यावरून थेट ताटात. आम्ही दोघी गरम गरम जेवलो, आई म्हणाली, "आज कसं बरं वाटतंय." मलाही वाटत होतं. पण जेवताना दोनदा उष्ट्या हाताने फोन उलटा करून पाहिला. रेंजवरून कोणाचाही फोन आला नव्हता, कुणाचं काही अडलं नव्हतं. ते जरासं लागलं, आबा.